निबंधाची वाक्यं शेवटाकडून वाचा

एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नववीच्या मुलांच्या निबंधात व्याकरणाच्या चुका फारशा नाहीत, शुद्धलेखनही बरं आहे, तरी वाचताना दर ओळीला ठेच लागते. ‘वाक्यरचनेत विविधता आणा’ असा शेरा दिला की मुलं दोन वाक्यांच्या मध्ये ‘आणि’ घालून वही परत आणतात. मग शिकवायचं नेमकं काय? आणि त्याने दहावीला गुण वाढतात का?

गुणांचं शेवटी बोलू. आधी दुखणं कुठे आहे ते पाहू, कारण औषध बहुतेक वेळा भलत्याच जागी लावलं जातं. इंग्रजीच्या तासाला मुलांना सांगतात, प्रत्येक वाक्याची सुरुवात वेगळी करा. तिथे ते योग्यच आहे. इंग्रजी वाक्य सहसा कर्त्याने सुरू होतं आणि ‘आय’, ‘आय’, ‘आय’ अशी रांग लागली की कान कंटाळतो. तोच सल्ला आपण मराठीच्या तासाला उचलून आणतो. मराठीत मात्र क्रियापद शेवटी येतं. आवाज तिथे उतरतो, काळ तिथे कळतो, वाक्य संपल्याची खूणही तीच. जुने मोडी कागद पाहा. शब्द न तोडता, विरामचिन्हांशिवाय सलग लिहिलेले. पूर्णविराम, स्वल्पविराम ही मंडळी मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीने. त्याआधी वाक्य कुठे संपलं ते वाचणाऱ्याला क्रियापदच सांगायचं. म्हणून मराठी निबंध एकसुरी होतो तो वाक्याच्या सुरुवातीला कमी आणि शेवटाला जास्त.

खात्री करायची असेल तर कुठलीही एक वही उघडा आणि एका परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द मोठ्याने वाचा. उदाहरणादाखल हा परिच्छेद घेऊ. ‘आमच्या गावचा बाजार’ या विषयावर नववीतला मुलगा साधारण असंच लिहितो:

‘आमच्या गावात सोमवारी बाजार असतो. बाजार खूप मोठा असतो. बाजारात भाजीवाले असतात. तिथे कपड्यांची दुकाने असतात. तिथे माझी आजी मिरच्या विकायला बसते. आजी सकाळी लवकर उठते. ती मिरच्यांचे वाटे करते. मी आजीला मदत करतो. दुपारी खूप ऊन असते. संध्याकाळी बाजार उठतो. मला बाजार खूप आवडतो.’

शेवटचे शब्द: असतो, असतो, असतात, असतात, बसते, उठते, करते, करतो, असते, उठतो, आवडतो. अर्थ बाजूला ठेवून नुसते ऐका. सगळीकडे तोच ‘त’, सगळीकडे तोच काळ. सुरुवाती मात्र तशा वेगवेगळ्या आहेत: ‘आमच्या गावात’, ‘बाजार’, ‘तिथे’, ‘आजी’, ‘मी’, ‘दुपारी’. सुरुवाती बदलून काम भागत असतं तर हा परिच्छेद एव्हाना वाहायला हवा होता.

माझ्या वर्गात मुलं वहीच्या समासात एक उभी रेघ मारतात आणि तिथे शेवटचे शब्द एकाखाली एक लिहितात. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून हसू येतं. दोष सापडलेला असतो आणि तो ज्याचा त्यालाच सापडलेला असतो. लाल शाईने हे होत नाही.

आता दुरुस्ती. इथे घाई केली की मुलं वाक्यं नुसती चिकटवतात. म्हणून आधी ‘असणे’ची वाक्यं बाजूला काढायची. वरच्या परिच्छेदात ती पाच आहेत आणि पाचही वाक्यांत घडत काहीच नाही. अशा वाक्यांतून मराठीत क्रियापद सरळ गाळता येतं, आपण बोलताना ते सर्रास गाळतोही. ‘गाव लहान, बाजार मात्र मोठा.’ ‘आमचा बाजार सोमवारचा.’ यात चूक काहीच नाही, हे मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. कारण प्राथमिक शाळेत ‘पूर्ण वाक्यात उत्तर लिहा’ असं घोटून घेतलेलं असतं आणि पूर्ण वाक्य म्हणजे शेवटी ‘आहे’, अशी मुलांची पक्की समजूत झालेली असते.

दुसरं काम वाक्यांचं नाही, माहितीचं आहे. मुलाला विचारायचं, ‘वाटे कुठे करते आजी? घरी की बाजारात?’ तो म्हणेल, ‘बाजारातच, गोणपाटावर. घरी फक्त निवडते.’ म्हणजे मूळ परिच्छेदात ‘उठते’ आणि ‘वाटे करते’ यांच्या मध्ये अख्खा प्रवास गळाला होता. सपाट वाक्यांचा हा मोठा तोटा. आधी काय, नंतर काय, कशामुळे काय, हे सांगायची जबाबदारी ती घेतच नाहीत. मुलाला तो क्रम लिहावासा वाटला की वाक्याचा साचा आपोआप बदलावा लागतो. शेजारी बसून, विचारत विचारत केलेलं त्याचं रूप असं निघतं:

‘आमच्या गावचा बाजार सोमवारचा. गाव लहान, बाजार मात्र मोठा. भाजीवाले, कापडवाले, भांडीवाले, सगळे येतात. पिंपळाखाली मिरच्या घेऊन बसलेली एक म्हातारी दिसली, तर ती माझी आजी. पहाटे उठून ती घरी मिरच्या निवडते. वाटे लावायचे ते बाजारात पोचल्यावर, गोणपाटावर. ते काम माझं. दुपारी ऊन इतकं चढतं की गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि मग आजी मला पैसे मोजायला देते.’

शेवटचे शब्द पुन्हा काढा: सोमवारचा, मोठा, येतात, आजी, निवडते, गोणपाटावर, माझं, देते. कान आता पुढच्या शब्दाची वाट पाहतो. आणि ‘मला बाजार खूप आवडतो’ हे वाक्य कुठे गेलं, असं एकाही मुलाने मला अजून विचारलेलं नाही. पैसे मोजायला मिळतात तो बाजार आवडतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

या दुरुस्तीत वापरलेल्या हत्यारांपैकी ‘ऊन’ या प्रत्ययाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण मुलं सगळ्यात जास्त वापरतात ते हेच आणि चुकतात तेही इथेच. ‘उठून’, ‘घेऊन’, ‘बसून’ ही रूपं मराठी गद्याचा कणा आहेत. पण त्यांची एक अट असते. ‘ऊन’ची क्रिया आणि मुख्य क्रिया, दोन्हींचा कर्ता एकच हवा. ‘आजी उठून मिरच्या निवडते’ यात उठणारी आजी, निवडणारीही आजी. ‘वाक्यं जोडा’ म्हटल्यावर मूल लिहितं, ‘बाजारात पोचून ऊन चढते.’ आता पोचलं कोण? ऊन? ‘मी वर्गात जाऊन बाई रागावल्या’ हेही त्यातलंच. कर्ता बदलला की रूपही बदलायचं: ‘बाजारात पोचेपर्यंत ऊन चढतं’, ‘मी वर्गात गेल्यावर बाई रागावल्या’. ‘ल्यावर’, ‘ताना’, ‘पर्यंत’, ‘ल्यामुळे’ ही मंडळी दोन वेगळे कर्ते निमूटपणे चालवून घेतात.

एखादं चौकस पोर लगेच विचारतं, मग ‘पावसात भिजून त्याला ताप आला’ हे कसं चालतं? भिजला तो, आला ताप. किंवा ‘पाय घसरून तो पडला’? चालतं, कारण एका गोष्टीतून दुसरी ओढल्यासारखी घडते आणि दोन्ही भोगणारा माणूस एकच असतो. नववीत याचा नियम फळ्यावर लिहून देण्यात अर्थ नाही. दोनचार बरोबर आणि दोनचार चुकीची वाक्यं मोठ्याने वाचून घ्या. ज्यांच्या घरी मराठी बोलतात त्या मुलांचा कान बिनचूक सांगतो.

‘ऊन’चा दुसरा धोका म्हणजे त्याची चटक. ‘आजी सकाळी उठून, मिरच्या निवडून, पाटी भरून, डोक्यावर घेऊन, बाजारात जाऊन, गोणपाट अंथरून, वाटे लावून बसते.’ व्याकरणात खोट नाही. बखरींत अशी लांबलचक वाक्यं भेटतात आणि तिथे ती शोभतातही. निबंधात मात्र आठ क्रिया एका दमात गेल्या की कुठलीच डोळ्यांसमोर उभी राहत नाही. मी मुलांना सांगते, जागा बदलली की वाक्य तोडा. घर संपलं, बाजार सुरू झाला, तिथे पूर्णविराम. आजीची लगबग दाखवायची म्हणून कुणी मुद्दाम असं वाक्य लिहिलं असेल तर ते मी राहू देते. पण त्याच्या पाठोपाठचं वाक्य तीन शब्दांचं असलं पाहिजे, ही अट घालते.

‘बसलेली म्हातारी’, ‘विकणारी बाई’, ‘काल आणलेल्या मिरच्या’ अशी धातुसाधित विशेषणं मुलं बोलताना सहज वापरतात आणि लिहायला बसली की विसरतात. त्यांच्या जागी हल्ली येतं ते असं: ‘माझी आजी जी की मिरच्या विकते ती…’ हा ‘जी की’ सरळ हिंदीतून आलेला आहे. आपल्याकडे ‘जो’ वाक्याच्या पुढे उभा राहतो आणि ‘तो’ त्याला उत्तर देतो. ‘ज्याचा वाटा मोठा त्याच्याकडे गर्दी’, ‘जसजसं ऊन चढतं तसतशी माणसं पांगतात’. ही जोडी वजनदार आहे, त्यामुळे परिच्छेदात एकदा पुरे. बाकी ठिकाणी ‘लेला’, ‘णारा’ यांवर भागवावं.

आता सहलवर्णन, म्हणजे भूतकाळाची रांग. ‘आम्ही रायगडावर गेलो. आम्ही राजसदर पाहिली. आम्ही बाजारपेठ पाहिली. आम्ही जगदीश्वराचे मंदिर पाहिले. आम्ही महाराजांची समाधी पाहिली.’ इथे मुलांना पहिली सूचना ‘आम्ही’ खोडण्याची असते आणि ती अर्धीच बरोबर आहे. ‘गेलो’, ‘पोचलो’, ‘दमलो’ ही क्रियापदं कर्ता पोटात घेऊन येतात; तिथे ‘आम्ही’ खुशाल खोडा. पण ‘पाहिली’, ‘घेतला’, ‘खाल्ले’ ही कर्मणी प्रयोगातली रूपं कर्माच्या मागे जातात. ती आम्ही पाहिली, तुम्ही पाहिली की शेजारच्या तुकडीने, ते क्रियापदावरून कळत नाही. तिथला कर्ता खोडायचा तर आधीच्या वाक्यातून तो स्पष्ट असायला हवा. प्रयोग ओळखा, दोन गुण मिळवा, यापलीकडे प्रयोगांचा उपयोग काय असं मुलं विचारतात, त्याचं एक उत्तर हे.

दुसरी सूचना क्रमाची. मराठीत शब्दांची अदलाबदल करायला खूप मोकळीक आहे, पण ती मनमानी नसते. क्रियापदाच्या अगदी अलीकडची जागा मानाची असते. ‘आजीने मिरच्या आणल्या’ हे ‘काय आणलं?’ या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘मिरच्या आजीने आणल्या’ हे ‘कोणी?’ या प्रश्नाचं. म्हणजे वाचकाला जे आधीच माहीत आहे ते पुढे घ्यायचं आणि नवं जे सांगायचं ते क्रियापदाला खेटून ठेवायचं. असं केलं की एका वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्याच्या हातात येतं आणि ‘त्यानंतर’, ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’ यांची गरज निम्म्याने कमी होते. रायगडाचं मग असं होतं:

‘रायगडावर पोचलो तेव्हा सगळीकडे धुकं होतं. धुक्यातून आधी दिसली ती राजसदर, तीही अर्धीच. तिथून होळीचा माळ ओलांडून बाजारपेठेत आलो. बाजारपेठेची सरळ वाट संपवून पुढे गेलं की जगदीश्वराचं देऊळ, आणि देवळालगत महाराजांची समाधी. तिथे कुणी कुणाशी बोललं नाही.’

यातलं ‘दिसली ती राजसदर’ पाहा. क्रियापद पुढे ओढलंय. बोलताना आपण हे सतत करतो (‘आला एकदाचा पाऊस!’), लिहिताना मुलं घाबरतात. परवानगी द्या, पण परिच्छेदात एकदाच. जास्त झालं की कीर्तनकाराचा आव आणल्यासारखं वाटतं. शेवटचं वाक्य ‘आम्ही’चं नाही, ‘कुणी’चं आहे. ते तिथे का बसलं हे वर्गालाच विचारा, चांगली चर्चा होते.

‘आजी’, ‘माझे बालपण’ असले आठवणींचे विषय आले की आणखी एक दार उघडतं. मुलं ‘उठायची, करायची, सांगायची’ अशी माळ लावतात. रीतिभूतकाळाची ‘उठे’, ‘जाई’, ‘सांगे’ ही रूपं व्याकरणाच्या तासाला पाठ असतात, निबंधात कधी उतरत नाहीत. एखाद्या वाक्यात ती घेऊन पाहायला सांगा. ‘आजी पहाटे उठे, चूल पेटवी, आणि चहा उकळेपर्यंत ओव्या म्हणे.’ त्यानंतर एक विशिष्ट दिवस साध्या भूतकाळात: ‘एकदा मात्र ती उठलीच नाही.’ रोजचं आणि एकदाचं असा फरक नुसत्या क्रियापदाच्या रूपाने झाला. दोन्ही काळ एकाच वाक्यात कोंबले तर मात्र विचका होतो.

आता तुमच्या मुलांच्या ‘आणि’बद्दल. ती चूक मुलांची नाही. केवल, संयुक्त, मिश्र हे वाक्यप्रकार आपण शिकवतो ते ओळखण्यापुरते. वाक्यरूपांतर करून घेतो ते पुस्तकातल्या परक्या वाक्यांवर. स्वतःच्या निबंधातलं वाक्य रूपांतराला दिलंय असं क्वचितच होतं. तेवढा बदल करून पाहा. व्याकरणाच्या तासाला सरावासाठी पुस्तकातली वाक्यं न घेता मागच्या आठवड्याच्या वहीतली वाक्यं फळ्यावर लिहा. नाव सांगू नका, मुलं ओळखतातच. एकच मजकूर तीन तऱ्हांनी: ‘पाऊस आला आणि बाजार उठला’, ‘पाऊस आल्यावर बाजार उठला’, ‘पाऊस आला तसा बाजार उठला’. मग विचारा, कुठल्या वाक्यात बाजार सगळ्यात घाईने उठला? उत्तरावर वाद होईल. होऊ द्या. तो वाद झाला की ‘आणि’, ‘ल्यावर’, ‘तसा’ यांतला फरक पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

वह्या तपासण्याचं म्हणाल, तर साठ मुलांच्या वर्गात अख्खा निबंध या नजरेने तपासणं कुणालाच शक्य नाही. एकच परिच्छेद निवडा, तोही मुलांनाच निवडू द्या. त्याच्याखाली ‘वाक्यरचना सुधारा’ असं लिहू नका. एक नेमका प्रश्न लिहा: ‘वाटे कुठे करते?’, ‘आधी धुकं की आधी राजसदर?’ मुलाने उत्तर दिलं की वाक्य बदलतं.

जी मुलं घरी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलतात, त्यांना आधी तोंडी सांगायला लावा आणि शेजाऱ्याला जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगा. त्यांच्या सांगण्यात लय असतेच. प्रमाण लिहायच्या धास्तीने ती मरते. लय ठेवून शब्द बदलणं सोपं, उलट करणं अवघड. आणि ज्यांच्या घरी मराठीच नाही, म्हणजे 2020 च्या कायद्याने मराठी सक्तीची झाल्यापासून इतर माध्यमांच्या शाळांत जी मुलं आपल्यासमोर बसतात, त्यांना यातलं सध्या काही नको. त्यांचं लिंग आणि विभक्ती जागेवर येऊ दे. त्यांची छोटी, सरळ वाक्यं छोटीच बरी.

सगळ्याच लेखनाला ही उठाठेव लागत नाही, हेही मुलांना सांगून ठेवा. सूचनाफलक, प्रयोगाची कृती, औपचारिक पत्र यांत एकासारखं एक वाक्य असणं सोयीचं असतं. भाषणात तर मुद्दाम तेच क्रियापद तीनदा आणतात. मुलाने तसं जाणूनबुजून केलं असेल तर समासात ‘मुद्दाम’ असं लिहायची सोय ठेवा. ‘का?’ एवढं विचारा आणि कारण पटलं की पुढे जा.

राहिला गुणांचा प्रश्न. दहावीला प्रथम भाषेची लेखी परीक्षा 80 गुणांची, आणि त्यातला निबंध हा एक छोटा भाग. परीक्षकासमोर गठ्ठा असतो, एका निबंधाला त्याच्याकडे मोजकी मिनिटं असतात. पहिला परिच्छेद अडखळला की पुढचा तो वाचत नाही, चाळतो. त्यामुळे फरक पडतो, पण तो पहिल्या सहासात वाक्यांतच. पेपरात बसून वाक्यांचे प्रकार बदलत बसू नका, असं मी मुलांना स्पष्ट सांगते. तिथे सुचेल तसं लिहायचं. शेवटची पाच मिनिटं उरली तर निबंधाच्या पहिल्या परिच्छेदातले शेवटचे शब्द नजरेखालून घालायचे. लागोपाठ तीन ‘आहे’ दिसले तर मधला खोडायचा आणि पेपर द्यायचा.